‘घबराहट’ कुठल्या रकान्यात भरू?

रामबागेतली डॉक्टरीण | सोमवार, रात्री ११:२०

मंडळी, सल्ला हवाय. लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

इंदूरला रामबागेत माझा दवाखाना आहे. जनरल प्रॅक्टिस, २७ वर्षं झाली. सकाळी साठेक पेशंट, संध्याकाळी तीसेक. काही जुनी मराठी घरं, काही सांवेर-बेटम्याकडून बसने येणारे, आणि आता कोचिंगला आलेली पोरं. माझं सगळं रेकॉर्ड जाड पिवळ्या कार्डांवर आहे. एका घराचं एक पाकीट, त्यात माणशी एक कार्ड. ज्याला एखादं औषध चालत नाही त्याच्या कार्डाचा कोपरा लाल पेन्सिलीने रंगवलेला. आमचे कंपाउंडर काका दारातून माणूस आत आला की नाव न विचारता पाकीट काढून ठेवतात.

मुलगा म्हणतो, आई, आता पुरे. त्याच्या ओळखीतून एका कंपनीचा माणूस आला, सॉफ्टवेअर टाकून गेला, महिनाभर फुकट वापरा म्हणाला. मी मनापासून वापरायला घेतलं. तिसऱ्या दिवशी बेटम्याची एक बाई आली. पंचावन्नची असेल. बसल्या बसल्या म्हणाली, ‘बाईजी, जीव घणो घबरावे.’ आता इंदूरमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्याला विचारा, दर पाचव्या पेशंटची तक्रार हीच असते. घबराहट. छातीत धडधड म्हणजे घबराहट, दम लागणं म्हणजे घबराहट, मळमळ म्हणजे घबराहट, साखर उतरली की घबराहट, आणि पोराचं लग्न मोडलं तरी घबराहटच.

सॉफ्टवेअरमध्ये ‘मुख्य तक्रार’ नावाचा रकाना. त्यात यादीतूनच निवडायचं, नाहीतर पुढचं पान उघडत नाही. धडधड, धाप, चक्कर, मळमळ, चिंता, सगळं होतं. मी ‘धडधड’ निवडलं. लगेच त्याने ईसीजी, थायरॉइड, इको अशी तयार यादी मांडली. मी पडद्याकडे बघत एकेक खूण काढत होते. दोन मिनिटं त्यात गेली असतील. तेवढ्यात काकांनी सवयीने तिचं जुनं कार्ड टेबलावर आणून ठेवलं. त्यावर दोन वर्षांपूर्वीचं माझंच अक्षर: ‘घबराहट. जीभ पांढरीफटक. माती खाते का विचारलं, हसली. हिमोग्लोबिन ६.२.’

मान वर करून बाईकडे पाहिलं. डोळ्याची खालची पापणी ओढली, आतून कागदासारखी पांढरी. अंगात रक्तच नाही. ते कळायला ना ईसीजी लागतो ना कॉम्प्युटर, समोर बघावं लागतं.

म्हणून विचारतेय. सॉफ्टवेअर घेऊ का? घेतलं तर टाइप कोणी करायचं, मी की काकांनी? की जमवून घ्यायला मीच म्हातारी झाले? आणि या हजारो कार्डांचं काय करायचं?

---

खवचट | सोमवार, रात्री ११:३४

घ्याच. निदान मेडिकलवाल्याला तुमचं अक्षर ओळखून अंदाजाने औषध द्यावं लागणार नाही.

---

रामबागेतली डॉक्टरीण | सोमवार, रात्री ११:४१

माझं अक्षर शाळेत बक्षिसाचं होतं हो. चौकशी करा.

---

टेस्टर_भिया | मंगळवार, सकाळी ८:०५

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी सुपर कॉरिडॉरवर नोकरी करतो, सॉफ्टवेअर टेस्टिंग. मध्ये चार वर्षं रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय, म्हणून बोलतो.

आधी एक छोटी परीक्षा घ्या. त्या सॉफ्टवेअरच्या औषधांच्या रकान्यात इंग्रजीत एम-ई-टी एवढी तीनच अक्षरं टाइप करा आणि काय खाली उतरतं ते बघा. मेटफॉर्मिन, मेथोट्रेक्सेट, मेटोप्रोलॉल, मेट्रोनिडाझोल. अक्षरक्रमाने लावलेल्या छोट्या यादीत मेटफॉर्मिनच्या लगेच खाली मेथोट्रेक्सेट येऊन बसतं. पहिलं मधुमेहाचं, दिवसातून दोनदा. दुसरं संधिवाताला देतात ते आठवड्यातून एकदा, आणि चुकून रोज घेतलं तर तोंड सोलून निघतं, पेशी घटतात, माणूस दगावतो. हे तुम्हाला मी काय सांगायचं. मुद्दा असा की कागदावर ही चूक करायला तुम्हाला अख्खा चुकीचा शब्द लिहावा लागला असता. इथे माउस अर्धा सेंटीमीटर सरकला की झालं. वर अक्षर छापील, त्यामुळे मेडिकलवाल्याला शंकाही येत नाही.

चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये मेथोट्रेक्सेट निवडलं की ‘आठवड्यातून एकदा’ हेच आधी भरलेलं येतं, रोज द्यायचं तर कारण लिहावं लागतं. अमेरिकेत औषधसुरक्षेवर काम करणाऱ्या मंडळींनी २०१४ पासून हा आग्रह धरलाय. तुमच्या डेमोवाल्याला एवढं एकच विचारा. उत्तरावरून कळेल की सॉफ्टवेअर बनवताना शेजारी कोणी डॉक्टर बसला होता की नुसता बिलिंगवाला.

‘घबराहट’बद्दल. स्नोमेड सीटी नावाचा वैद्यकीय संज्ञांचा जागतिक कोश आहे, भारत त्याचा २०१४ पासून सदस्य आहे. त्यात साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत. पण कोश कितीही मोठा असला तरी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या दोनशे कोणीतरी निवडून टाकलेल्या असतात, आणि तो निवडणारा बेटम्याला गेलेला नसतो. पेशंटचा शब्द आहे तसा लिहायला मोकळी जागा हवी, आणि यादीतलं निदान नंतर, तपासून झाल्यावर भरता यायला हवं. तुमच्या सॉफ्टवेअरने क्रमच उलटा लावलाय. आमच्या भाषेत तो बगच.

---

लोकमान्यनगरकर | मंगळवार, सकाळी १०:१२

मी बँकेतून निवृत्त. कॉम्प्युटर आले तेव्हा युनियनच्या मोर्च्यात मीही घोषणा दिल्या होत्या आणि पुढे शाखेत पहिला टर्मिनल मीच चालवला. तेव्हा डॉक्टरीणबाई, वयाचं काढू नका.

पण एक फरक जाणवतो. बँकेत नोंद चुकली तर संध्याकाळी ताळा लागत नाही. रुपया कमी पडला तरी सगळे थांबतात. तुमच्या धंद्यात ‘धडधड’ लिहिलं काय नि ‘धाप’ लिहिलं काय, संध्याकाळी कसलाच ताळा लागायचा नाही. चूक गुपचूप पडून राहते. म्हणून जुनं कार्ड टाकू नका. आम्हीही पहिली काही वर्षं लेजर आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवले होते.

अवांतर: पेशंट म्हणून माझी तक्रार. परवा एका मोठ्या रुग्णालयात हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं. नऊ मिनिटं आत होतो. त्यांनी माझ्याकडे दोनदा बघितलं, एकदा आत आल्यावर आणि एकदा ‘पुढचं नाव’ म्हणताना. छान टाइप करत होते.

---

पलीकडची | मंगळवार, सकाळी ११:५०

तिलकनगरची मुलगी, आता ओहायोत इंटर्नल मेडिसिन. ज्या डॉक्टरांनी वरच्या काकांकडे नऊ मिनिटांत दोनदाच बघितलं, त्यांची बाजू मांडते.

इथे २००९ च्या कायद्याने डॉक्टरांना कॉम्प्युटरवर आणायला सरकारने भरपूर पैसा ओतला, त्यानंतर पाच-सात वर्षांत कागद जवळपास गेला. २०१६ मध्ये एक पाहणी छापून आली, ५७ डॉक्टरांच्या मागे माणूस बसवून घड्याळ लावलेलं. पेशंटसमोर घालवलेल्या दर तासामागे जवळजवळ दोन तास कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामात जात होते. शिवाय रात्री घरी. त्याला इथे ‘पजामा टाइम’ म्हणतात. मुलीला झोपवून मी साडेनऊला परत लॉगिन करते ते हेच.

आणि लिहिते काय? निम्मं बिलासाठी. कुठला अवयव तपासला हे विम्याच्या हिशोबाने भरलं नाही तर पैसे अडतात, म्हणून लोक कालची नोंद आज चिकटवतात. एका पेशंटचा पाय कापून दोन वर्षं झाली होती, तरी दर भेटीत ‘दोन्ही पावलांच्या नाडी व्यवस्थित’ अशी नोंद पुढे पुढे येत होती. मी स्वतः काढली.

ताई, तुमच्या कार्डावरचं ‘माती खाते का विचारलं, हसली’ हे वाक्य माझ्या अख्ख्या सिस्टिममध्ये सापडायचं नाही. ते जपा.

वर्षभरापासून आम्हाला ऐकून लिहिणारं सॉफ्टवेअर मिळालंय. फोन टेबलावर ठेवायचा, आपण बोलायचं, शेवटी नोंद तयार. मला पेशंटकडे बघता येतं, हे खरंच मोठं सुख आहे. पण सही करण्याआधी अक्षर न् अक्षर वाचावं लागतं. बाई म्हणाल्या, बहिणीला लकवा झाला होता. नोंदीत आलं, पेशंटला लकवा झाला होता. इंदूरच्या पेशंटचं एका वाक्यात मालवी, मराठी आणि ‘वो लाल वाली गोली’ ऐकून ते काय लिहील, याची मला भारी उत्सुकता आहे.

---

खवचट | मंगळवार, दुपारी १२:०३

ते लिहील: पेशंटला पोहे-जलेबी दिवसातून दोनदा, जेवणाआधी.

---

रात्रपाळीची सिस्टर | मंगळवार, दुपारी ४:३०

डॉक्टरांचं सगळे लिहितात, आमचं कोणी विचारत नाही. मी इंदूरच्याच एका खासगी रुग्णालयात आहे. नाव नको.

आमच्याकडे पेशंटच्या मनगटावर बारकोडचा पट्टा असतो. गोळी द्यायच्या आधी पट्टा स्कॅन, मग गोळीचं पाकीट स्कॅन, दोन्ही जुळले की कॉम्प्युटर हिरवा होतो. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात रात्री तीस बेडला आम्ही दोघी. स्कॅनरची गाडी दोन पलंगांच्या मधे शिरत नाही. बॅटरी दोन वाजता संपते. पट्टा सलाइनने भिजला की वाचला जात नाही. आणि झोपलेल्या म्हाताऱ्याचा हात चादरीतून काढायला जावं तर तो दचकून उठतो, मग तासभर झोपत नाही.

मग सगळ्यांनी काय केलं, सगळ्या बारकोडच्या जास्तीच्या प्रती छापून काउंटरवर एका पुठ्ठ्यावर चिकटवल्या. तिथेच बसून स्कॅन करायचं आणि ट्रेमध्ये गोळ्या घेऊन फेरी मारायची. कॉम्प्युटरमध्ये सगळं वेळेवर, सगळं हिरवं. ऑडिटला आलेल्यांनी आमच्या वॉर्डाचं कौतुक केलं.

एका रात्री एकाच आडनावाचे दोन पेशंट, शेजारच्या खोल्यांत. माझ्या हातून एकाची रक्तदाबाची गोळी दुसऱ्याच्या वाटीत गेली. त्याच्या मुलीने रंग बघून विचारलं, म्हणून थांबले. कॉम्प्युटर हिरवाच होता. त्या पुठ्ठ्यावर मीही चिकटवलं होतं, तेव्हा दोष दुसऱ्याला देत नाही. पण गाडी पलंगांच्या मधे जाते का, हे घेण्याआधी कोणीतरी टेप लावून मोजायला हवं होतं.

---

टेस्टर_भिया | मंगळवार, सायंकाळी ६:१५

सिस्टर, दंडवत. हा प्रतिसाद छापून ऑफिसात लावतो.

---

जुना एमवाय | मंगळवार, रात्री ९:४०

महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजातून १९७६ ला बाहेर पडलो, एमवाय हॉस्पिटलच्या वॉर्डांत शिकलो. आमच्या सरांचा नियम होता, पेशंट पलंगाजवळ चालत येतो तेव्हाच निदानाला सुरुवात करायची. तेव्हा ‘समोर बघावं लागतं’ या वाक्याला माझे पूर्ण गुण.

पण मी यंत्राच्या विरुद्ध नाही. यंत्राने जे सांगितलं ते कसं सांगितलं हे डॉक्टरला ठाऊक हवं, एवढंच. उदाहरण घ्या. हल्लीची ईसीजी मशीन वर ओळीत निदानच छापून देते. तरुण डॉक्टर ती ओळ वाचतात आणि खालच्या रेघा सोडून देतात. माझ्याकडे एक जण कागद घेऊन आला, वर छापलेलं, ‘जुन्या झटक्याची शक्यता’. माणूस घामाघूम, बायको रडतेय. पहिल्या लीडमध्ये, म्हणजे ईसीजीच्या पहिल्या रेघेत, सगळ्या लाटा उलट्या, आणि एव्हीआर नावाची रेघ, जी नेहमी खाली तोंड करते, ती वर. म्हणजे उजव्या हाताची वायर डाव्या हाताला लागली होती. परत काढला, ठणठणीत. मशीनचं काहीच चुकलं नव्हतं. तिला हात कोणता ते दिसत नाही.

दुसरं, कायद्याचं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीनुसार भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवावं लागतं आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं. औषधांची नावं जेनेरिक, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहा, असं २०१६ च्या दुरुस्तीत आलं. तुमची फक्त ओपीडी, भरती नाही, तरीही छापील पर्ची पेशंटच्या हातात देणं हा मला सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. तेवढ्यासाठी घ्या.

---

सूक्ष्मदर्शी | बुधवार, सकाळी ७:३०

पॅथॉलॉजीवाला. आमच्याकडे तर सॉफ्टवेअर नसतं तर मी कधीच वेडा झालो असतो.

पूर्वी मशीनवर आलेला आकडा मुलगी वहीत उतरवायची, वहीतून रिपोर्टवर टाइप करायची. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.१ चं ११ व्हायला एक टिंब गळलं की पुरे. पेशंट रडत नेफ्रॉलॉजिस्टच्या दारात. मशीनची केबल थेट कॉम्प्युटरला जोडली आणि टिंबं गळायची थांबली. वर ‘डेल्टा चेक’ म्हणून सोय असते: त्याच पेशंटचा मागचा आकडा आणि आजचा यात न पटण्याजोगा फरक पडला की रिपोर्ट अडवून ठेवतो, मी बघेपर्यंत सोडत नाही.

पण सिस्टरांच्या पुठ्ठ्यासारखंच आमचंही. नळीवर स्टिकरच चुकीच्या माणसाचं लागलं, तर पुढचं सगळं अगदी बिनचूक होतं, फक्त दुसऱ्या माणसाच्या नावाने. डेल्टा चेकमुळे कधी कधी ते पकडलं जातं. पहिल्यांदा आलेल्या पेशंटला मागचा आकडाच नसतो, तिथे सुटतं.

---

फिल्मवाला | बुधवार, दुपारी २:१०

रेडिओलॉजिस्ट. धाग्याचा विषय थोडा ओलांडतो, पण सांगून टाकतो, कारण हे वाचणारे निम्मे डॉक्टर मला रात्री व्हॉट्सॅप करतात.

सीटी स्कॅनची फिल्म खिडकीला धरून काढलेला फोटो पाठवू नका. सीटीमध्ये करड्या रंगाच्या हजारो छटा असतात, डोळ्याला एका वेळी थोड्याच कळतात. म्हणून आम्ही तीच चित्रं फुफ्फुसासाठी वेगळी, हाडासाठी वेगळी, मेंदूसाठी वेगळी उजळून बघतो. फिल्मवर त्यातली एकच छापलेली असते. तिचा फोटो, तो व्हॉट्सॅपने आवळलेला, वर ट्यूबलाइटची चमक. आणि प्रश्न काय, ‘सर, ब्लीड आहे का?’ मी देव नाही.

डायकॉम नावाचा प्रकार १९९३ पासून आहे. त्यात चित्राबरोबर पेशंटचं नाव, तारीख, मशीनची मापं सगळं एकाच फाइलीत बांधलेलं असतं. मोफत व्ह्यूअर मिळतात. सेंटरकडून सीडी किंवा लिंक मागा, फोटो नको. फोटोत नाव कापलं जातं आणि मग कोणाचं डोकं कोणाच्या नावावर जाईल सांगता येत नाही.

---

खवचट | बुधवार, दुपारी २:१८

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तसंही कोणाचं डोकं कोणाच्या नावावर आहे ते कळत नाही.

बरं, गंभीर प्रश्न. ते आभा कार्ड. सॉफ्टवेअर घेतलं की सगळ्यांचे आजार सरकारकडे जमा होणार का?

---

टेस्टर_भिया | बुधवार, सायंकाळी ७:००

थोडक्यात. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. आभा हा त्यातला १४ आकडी आरोग्य नंबर. काढणं ऐच्छिक आहे, आणि नंबर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. रेकॉर्ड एका मोठ्या सरकारी गोदामात जाऊन पडत नाही. ज्या दवाखान्यात तयार झालं तिथेच राहतं, आणि दुसऱ्या डॉक्टरला बघायचं तर पेशंटने मोबाइलवर संमती द्यायची, किती दिवसांसाठी तेही ठरवायचं. आराखडा चांगला आहे. ज्यांचा मोबाइल नातवाकडे असतो त्या आजीने संमती म्हणजे नक्की काय दिली, हा प्रश्न उरतो.

मोठ्या सरकारी ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळतं, तो भाग मात्र लोकांना लगेच पटतो, कारण रांग वाचते.

मॅडम, त्यापेक्षा निकडीची गोष्ट. सॉफ्टवेअर घेताना ‘माझा सगळा डेटा मला साध्या एक्सेलमध्ये कधीही काढता येईल का’ हे लेखी घ्या आणि पहिल्या आठवड्यात काढून बघा. माझ्या एका दंतवैद्य नातेवाइकाने नऊ वर्षांचा डेटा एका छोट्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरला. कंपनीचं ऑफिस एक दिवस बंद, फोन बंद, लायसन्स संपलं, पडद्यावर ‘नूतनीकरण करा’. आत सगळं आहे, उघडत नाही. आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर, जी कॉम्प्युटरला कायम लावलेली नसेल. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला तेव्हा ओपीडी, दाखले, लॅब सगळं सुमारे दोन आठवडे हाताने चाललं. एम्सची ती गत, मग रामबागेतल्या पीसीचं काय घेऊन बसलात.

अजून एक, ऐकीव नाही, खात्रीचं: छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीच्या ग्रामीण रुग्णालयासाठी ‘बाह्मनी’ नावाचं सॉफ्टवेअर उभं राहिलं, मुक्तस्रोत, फुकट. तुमच्या एकट्या दवाखान्याला ते जड होईल, पण सॉफ्टवेअर खेड्यातल्या ओपीडीवरून बेतता येतं एवढं त्यातून दिसतं.

---

संपादक | बुधवार, रात्री ८:२०

एका क्लिनिक सॉफ्टवेअरच्या जाहिरातीचे चार प्रतिसाद काढले आहेत. पाचवा आला तर आयडी जाईल.

---

जुना एमवाय | बुधवार, रात्री १०:०५

बरं झालं. पाचवी गोष्ट मीच सांगतो. इशारे. काही सॉफ्टवेअर प्रत्येक पर्चीवर लाल चौकट उघडतं, ‘ही दोन औषधं एकत्र चालतात का तपासा’. दिवसाला ऐंशी वेळा. तिसऱ्या दिवसापासून बोट आपोआप ‘ओके’वर जातं. २००६ मधल्या एका आढाव्यात डॉक्टर असे ४९ ते ९६ टक्के इशारे बाजूला सारतात असं निघालं होतं. डॉक्टर, तुमच्या लाल पेन्सिलीचा कोपरा वर्षातून दहा-वीसदाच दिसतो, म्हणून तर तो दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये फक्त अॅलर्जीचा इशारा चालू ठेवा, बाकीचे बंद करायला सांगा.

---

रामबागेतली डॉक्टरीण | तीन महिन्यांनंतर, रविवार, दुपारी ३:४५

धागा वर काढतेय. सगळ्यांची ऋणी आहे, आणि विचारलं तेव्हा वाटलं नव्हतं की सिस्टरांच्या प्रतिसादाचा मला सगळ्यात जास्त उपयोग होईल.

तो डेमोवाला परत पाठवला. एम-ई-टी टाइप करायला लावलं. मेथोट्रेक्सेट आलं, त्यापुढे दिवसातून एकदा असं आधीच भरलेलं. त्याला काय बिघडलं ते समजलंच नाही. दुसऱ्या एका लहान कंपनीचं घेतलं, त्यांचा मुलगा तीन सकाळी माझ्या दवाखान्यात स्टूल टाकून बसला, हाच करार होता. पहिल्या सकाळी त्याने टेबलच फिरवलं. मॉनिटर पेशंट आणि माझ्या मधे होता, तो बाजूला भिंतीकडे गेला. एवढ्या एका गोष्टीने अर्धं भांडण मिटलं.

टाइप कोण करतं? दोघंही. काका बाहेर नाव, वय, वजन, बीपी आणि तक्रार भरतात, पेशंटच्या तोंडून आलेल्या शब्दांत. आत मी पेशंटशी बोलते, तपासते, आणि शेवटी औषधं मीच निवडते, त्याला दुसऱ्याचा हात लागू देत नाही. निदानाचा रकाना शेवटी. रिकामा सोडला तरी पुढे जाता येतं. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, रिकामा ठेवला तर रिपोर्ट नीट येणार नाही.’ म्हटलं, मलाच नीट आलं नसेल तर रिपोर्टला कुठून येणार.

पर्ची छापील जाते. त्याची सवय पेशंटना चार दिवसांत लागली. सांवेरचे एक आजोबा मात्र छापील कागदावर माझी सही पेनानेच हवी म्हणून अडून बसतात. करते.

वेळ वाढला, खोटं बोलणार नाही. पहिला महिना दुपारचं जेवण साडेतीनला होत होतं. आता अडीचला होतं. पूर्वी दोनला व्हायचं. पलीकडच्या ताईंचा पजामा टाइम माझ्याकडे अजून आलेला नाही, कारण वीज गेली की कॉम्प्युटर बंद पडतो आणि मी कार्ड काढते. यूपीएस घ्यायला माझा मुलगा मागे लागलाय. मी मुद्दाम ऐकत नाहीये.

टीबीचे पेशंट मी पूर्वीपासून सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंदवते, त्याची कधी कटकट वाटली नाही. नोंद झाली की पेशंटच्या खात्यात पोषणाचे पैसे येतात, आधी महिना ५०० यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पेशंटच मागे लागतो, बाई, नाव चढवलंत का. दवाखान्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये तसं काय आहे, म्हणून विचार करत होते. मग एक सापडलं. एका मुलीला सल्फा चालत नाही, तिचं कार्ड लाल कोपऱ्याचं. ती पुण्याला शिकायला गेली, तिथे तापाने आजारी पडली, रात्री आईचा फोन. मी घरी होते, कार्डं दवाखान्यात. मोबाइलवर उघडून दोन मिनिटांत तिथल्या डॉक्टरांना सांगितलं. २७ वर्षांत हे पहिल्यांदा जमलं.

---

लोकमान्यनगरकर | रविवार, सायंकाळी ५:१०

अभिनंदन. लेजरचं काय केलंत?

---

रामबागेतली डॉक्टरीण | रविवार, रात्री ९:३०

कार्डं आहेत तिथेच आहेत. सगळी स्कॅन करायचा दर विचारला आणि गप्प बसले. मग असं ठरवलं की जो पेशंट येईल त्याच्या कार्डाचा फोटो काढून त्याच्या नावाला जोडायचा आणि अॅलर्जी तेवढी टाइप करायची. रोज पंचवीसेक होतात. जे येतच नाहीत त्यांची कार्डं पाकिटात झोपू देत. काही तर गेली माणसं आहेत, त्यांची पाकिटं काका टाकू देत नाहीत.

‘घबराहट’ यादीत घालून घेतली, स्टूलवरच्या मुलाने पाच मिनिटांत दिली. महिनाअखेरीस त्याने कौतुकाने तक्ता काढून दाखवला, माझ्याकडे सगळ्यात जास्त काय येतं त्याचा. पहिला ताप. दुसरी घबराहट. आणि सातव्या नंबरवर ‘घबराट’. काकांचं मूळ गाव साताऱ्याकडचं. मराठी पेशंट आला की ते घबराट लिहितात, हिंदी बोलणारा आला की घबराहट. मुलगा म्हणाला दोन्ही एक करू का. काका म्हणाले, नको, वेगळे आहेत. का वेगळे ते त्यांना विचारतेय, अजून सांगत नाहीयेत.